सुई बदलून पाहू

डॉक्टरकाकांच्या घरात रविवारी सकाळी केर काढायचा नाही, हा नियम मला पहिल्याच आठवड्यात कळला. आमच्या गावाकडे उजाडल्यावर केर तसाच राहिला तर घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजत. मी सवयीने केरसुणी उचलली आणि बाहेरच्या खोलीत पाय टाकला, तेवढ्यात शरयूकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "यमू, ठेव ती. रविवारी आमच्याकडे धूळ झोपलेली असते, तिला उठवायचं नाही." मी आत डोकावून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चेष्टा करत होत्या की रागावल्या होत्या हे मला कळलं नाही. पुण्यातल्या माणसांचं बोलणं कळायला मला पुढे बराच काळ लागला.

मी त्या घरी आले ती कॉलेजात शिकायला. माझे वडील तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत, आई लोकांची धुणी करी. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी शाळेच्या वरच्या वर्गातसुद्धा पोचलं नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिकाबाई डॉक्टरकाकांच्या मावसबहीण लागत. त्यांनी शब्द टाकला आणि सदाशिव पेठेतल्या त्या घरात जिन्यालगतची खोली मला मिळाली, दोन्ही वेळचं जेवणही मिळालं. खाली दवाखाना, वर घर. आज माझ्या नावापुढे जी पदवी लागते ती त्या घरच्या आमटीभातावर वाढलेली आहे. काका-काकू आता नाहीत. तेव्हा बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलाने मला आपण होऊन सांगितलं की बाबांचं जे झालं ते तुम्ही पाहिलंय, तर लिहून ठेवा. त्याने तसं म्हटलं नसतं तर मी यावर कधी लेखणी उचलली नसती.

रविवारची सकाळ रेकॉर्डांची असे. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून शिसवी कपाट होतं आणि त्यात रेकॉर्ड उभ्या लावलेल्या. आडव्या ठेवल्या तर खालच्या दबतात आणि उन्हाळ्यात वाकतात. काका दवाखान्यातला पांढरा कोट घालूनच त्या कामाला बसत. रेकॉर्ड पिशवीतून काढायची ती दोन तळहातांच्या मध्ये, कडेला धरून. चकाकणाऱ्या भागाला बोट लागलं की काका नुसतं 'च्च' म्हणत. डोळ्यातलं कुसळ काढायच्या भिंगाखाली त्यांनी मला एकदा त्या बारीक रेघा दाखवल्या होत्या. नांगरलेल्या शेतासारख्या दिसत होत्या, आणि सरींमध्ये माझ्याच बोटाचा तेलकट ठसा पसरला होता. पाणी नळाचं चालत नसे. खडकवासल्याचं पाणी प्यायला गोड असलं तरी वाळलं की पांढरा थर ठेवतं, म्हणून इंजेक्शनसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर एका वाटीत घ्यायचं, त्यात साबणाचा थेंब. धोतराच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या फडक्याने रेघांच्या वळणानेच पुसायचं, आडवं कधीच नाही. मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. मग धुतलेल्या रेकॉर्ड स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात ओळीने वाळत ठेवायच्या. काकूंची ताटं रविवारी खाली जमिनीवर असत.

सर्वांत नाजूक काम सुईचं. चित्रकलेचा बारीक ब्रश स्पिरिटात बुडवून झटकायचा आणि सुईवरून मागून पुढे एकदाच न्यायचा. उलट नेला तर सुईची दांडी वाकते. "तुझा हात हलका आहे," असं म्हणून काकांनी ते काम काही महिन्यांत माझ्याकडे दिलं. गाठी उचलणाऱ्याच्या मुलीला हलका हात आहे असं कुणी म्हणेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी ते वडिलांना कळवलं, तर वडिलांनी निरोप पाठवला की डॉक्टरांच्या वस्तूंना फार हात लावू नकोस.

सगळं पुसून झालं की काका एक ठरलेली रेकॉर्ड लावत. विलंबित ख्याल, गाणाऱ्या बाईंचा आवाज. सुरुवातीला नुसता तंबोरा, मग बाईंनी श्वास घेतल्याचा बारीक आवाज, मग पहिला स्वर. तो श्वास ऐकू आला की रेकॉर्ड स्वच्छ झाली, अशी काकांची कसोटी होती. ते डोळे मिटून बसत, आणि श्वास आला की एक बोट वर करत. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण ते बोट वर जायची मी वाट पाहत असे. मग ते आम्हाला विचारत, "फरक पडला?" काकू म्हणत, "पडला." आणि उठून ताटाळ्याकडे जात.

दुसऱ्या वर्षी ते बोट उशिरा वर जाऊ लागलं. श्वास होऊन गेलेला असे, स्वर सुरू झालेला असे, आणि मग बोट. एका रविवारी ते वर गेलंच नाही. काकांनी डोळे उघडले, सुई उचलली, पुन्हा सुरुवातीला ठेवली. पुन्हा ठेवली. "तंबोऱ्याच्या तारांची झार गेली," ते म्हणाले. "जव्हारी बंद झाल्यासारखा नुसता घुमतोय. डग्ग्याचा जाड आवाज येतो, पण तबल्याच्या चाटेचा बारीक आवाज बोथट आहे. सुई बदलून पाहू."

सुई बदलली. लक्ष्मी रोडच्या दुकानातून नवी आणली, ती मीच बसवली. पुढच्या रविवारी आवाज पुन्हा तसाच. मग दोष धुळीवर गेला. रस्त्याकडच्या खिडक्या बंद झाल्या, त्या फक्त रविवारपुरत्या राहिल्या नाहीत. मग उदबत्तीच्या धुरावर गेला, आणि देव्हाऱ्यात नुसती फुलं राहिली. काकूंची पावडर बंद झाली. बाहेरच्या खोलीतला पंखा बंद झाला. शेवटी काकांना भिंगातून एका रेकॉर्डवर तेलाचा अंश दिसला, निदान त्यांना तसं वाटलं, आणि त्यांनी ठरवलं की फोडणीची वाफ बाहेरच्या खोलीपर्यंत येते आणि रेघांत बसते. घरातली फोडणी बंद झाली.

हे आज वाचणाऱ्याला गमतीचं वाटेल. पण ज्या घरात मोहरी तडतडत नाही ते घर कसं होतं, हे तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. वरण साधं, वर तूप. कोशिंबिरीला दाण्याचं कूट आणि मीठ. पोहे दह्यातले. भाज्या वाफवलेल्या, रंग उडालेल्या. काकू मेतकूट, लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं पानात वाढत आणि वेळ मारून नेत. कुणी पाहुणा जेवायला आला आणि पानाकडे पाहत थांबला, की त्या म्हणत, "आमच्याकडे कानांसाठी स्वयंपाक होतो. जिभेची सोय तुमच्या घरी." पाहुणा हसे, काकाही हसत. पण ते किंचित उशिरा, पाहुण्याच्या तोंडाकडे पाहून हसत.

घर हळूहळू गप्प होत गेलं. खिडक्या बंद, पंखा बंद, शेगडीवर कसला आवाज नाही. अशा घरात दुसऱ्या लहानसहान गोष्टी मला ऐकू येऊ लागल्या, म्हणजे कुठे आवाज होऊनही त्याची दखल घेतली जात नाही ते दिसू लागलं. काका मनगटावरचं घड्याळ कानाशी नेत, किल्ली देत, पुन्हा कानाशी नेत. ते दुरुस्तीला टाकलं, तर घड्याळवाल्याने तसंच परत केलं. "चालू घड्याळ दुरुस्त करायची कला मला येत नाही, डॉक्टर," असं तो म्हणाल्याचं काकांनीच चिडून सांगितलं. दवाखान्यातली बायकामाणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची तक्रार होती. काकू त्यांच्याशी कधीही पाठीमागून बोलत नसत. भरल्या हाताने का असेना, त्या वळसा घालून समोर येत आणि मगच बोलत. ही त्यांची आदराची रीत असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

दरम्यान काकांनी सुई धरणाऱ्या लांब दांड्यामागचं वजन सरकवायला सुरुवात केली होती. सुई नीट टेकत नाही, म्हणून थोडा दाब वाढवायचा. मग आणखी थोडा. एका रविवारी मी ब्रश घेऊन वाकले तर सुईच्या टोकाशी काळी, काजळीसारखी भुकटी जमली होती. मी ती धूळ समजून पुसली. पुढच्या रविवारी पुन्हा होती, जास्त होती. ती धूळ नव्हती. सुई रेकॉर्ड खरवडत होती. जी रेकॉर्ड आम्ही इतक्या जपून पुसत होतो तिचंच पीठ माझ्या ब्रशावर येत होतं. आणि काका पलीकडे डोळे मिटून, बोट गुडघ्यावर ठेवून, त्या श्वासाची वाट पाहत होते. मला तो श्वास स्वच्छ ऐकू आला. काकूंनाही आला, कारण त्यांनी त्याच क्षणी माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेले. "काकू," मी म्हटलं, "रेकॉर्डला काही झालेलं नाही."

"माहीत आहे."

"सुईलाही नाही."

"तेही माहीत आहे." त्या ताटाळ्यातल्या रेकॉर्ड सरळ करत होत्या. "गेल्या वर्षी एकदा म्हटलं होतं मी, कान दाखवून या म्हणून. तर म्हणाले, माझ्या कानांवर अर्धी पेठ जगते, त्यांना काही झालेलं नाही. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. यमू, त्यांची बोटं तल्लख आहेत, नजर तल्लख आहे. माणूस जिना कसा चढतो त्यावरून त्यांना आजार कळतो. रेकॉर्डचं काय, फरक पडला म्हटल्याने कुणाचं बिघडतंय?"

डॉक्टरकाकांचं नाव होतं ते लहान मुलांच्या छातीसाठी. शनिवार पेठेतून, मंडईपलीकडून आया पोरं कडेवर घेऊन येत, आणि काका स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून ऐकत. काकूंचं बोलणं संपल्यावर आम्हा दोघींच्याही मनात तेच आलं असणार, कारण त्यांनी उगाचच नळ सोडला आणि धुतलेली वाटी पुन्हा धुतली.

त्या हिवाळ्यात मला खोकला झाला. आधी नुसता कोरडा, मग अंगात कसकस. उताणी पडले की मला माझी छाती ऐकू येई. श्वास घेताना तळाशी बारीक चुरचुर, कुणी कुरमुऱ्यांच्या पिशवीवर हलकेच हात ठेवावा तशी, आणि सोडताना दूरवर कुणी शीळ घालावी तसं काहीतरी. काकांनी मला खाली दवाखान्यात बोलावलं. स्टेथोस्कोप तळहातावर घासून कोमट केला, हे ते प्रत्येकासाठी करत, आणि पाठीला लावला. "श्वास घे. सोड. घे." मी घेतला. ती चुरचुर मला आतून स्पष्ट ऐकू येत होती. काकांचे डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता, अगदी रविवारचा. त्यांनी डोळे उघडले आणि समाधानाने म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. घसा आहे नुसता. गुळण्या कर."

मला स्वतःची भीती वाटली नाही, निदान तेव्हा तरी नाही. माझ्या मागे बाकावर एक बाई झबल्यातलं मूल घेऊन बसली होती, आणि काका आता तिच्याकडे वळत होते.

वर आले तर काकूंनी काही न विचारता मला पाठमोरी केलं, पदर बाजूला सारला आणि माझ्या पाठीला आपला कान लावला. त्यांचा गाल गार होता. त्या बराच वेळ तशाच राहिल्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छ आहे म्हणाले."

काकूंनी माझा पदर नीट केला. "बस तिथे," त्या म्हणाल्या. "जेवायला येतील आता."

काका हात धुऊन स्वयंपाकघरात आले आणि नेहमीच्या जागी, शेगडीकडे पाठ करून, पाटावर बसले. काकूंनी पान वाढलं. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन त्यांनी कढली शेगडीवर ठेवली, फडताळाच्या अगदी आतून मोहरीचा डबा काढला. तेल तापलं. काका मला सांगत होते की आज गर्दी फार होती, आणि लोक हल्ली किती पुटपुटतात. काकूंनी मोहरी टाकली. कित्येक महिन्यांनी त्या घरात मोहरी तडतडली. बंद खिडक्यांच्या त्या घरात तो आवाज मला पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाटला. दाणे उडून जमिनीवर पडत होते. काका बोलत राहिले. भातावर तूप ओढून घेत त्यांनी पहिला घास कालवला. काकूंनी आणखी मूठभर मोहरी टाकली. मग हिंग पडला, वास पसरला, तेव्हा काकांचा घास हातात थांबला.

ते वळले. कढलीकडे पाहिलं, जमिनीवरचे दाणे पाहिले. काकू वळसा घालून समोर आल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून काहीतरी बोलल्या. काका त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"काय म्हणालीस?"

तेव्हा काकू समोर येऊन बसल्या. "केव्हाची तडतडतेय, असं म्हणाले. यमूच्या छातीतही असंच तडतडतंय. मला नुसत्या कानाने ऐकू आलं, अहो. तुम्हाला नळी लावून नाही आलं."

मला वाटलं काका ताट सारून उठतील. ते उठले, पण हात धुऊन खाली गेले आणि स्टेथोस्कोप घेऊन परत आले. मला खिडकीशी बसवलं. या वेळी त्यांनी नळीची टोकं माझ्या कानांत घातली आणि दुसरं टोक माझ्याच छातीच्या तळाशी, बरगडीजवळ ठेवलं. "सांग काय ऐकू येतं. घाई करू नको."

मी सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, एकेक शब्द ओठांवरून उचलल्यासारखे. "श्वास घेताना की सोडताना?" "घेताना." "अखेरीस की सुरुवातीपासून?" "अखेरीस." "दोन केस बोटांत धरून कानाशी चोळले तर येतो तसा?" मी केस चोळून पाहिले. "तसाच." त्यांनी मान हलवली. "न्यूमोनिया आहे. छातीचा फोटो काढायला हवा." आणि मग, वर न पाहता, "बागवानांचं बाळ."

"कोण बाळ?" काकूंनी विचारलं, पण काकांना ते दिसलं नाही आणि म्हणून ऐकूही आलं नाही. ते स्वतःशीच बोलत होते. "आजचं नव्हे, सोमवारी आणलं होतं. नाकपुड्या फुलत होत्या. मला दिसलं होतं ते. मी ऐकलं, स्वच्छ वाटली छाती, म्हणून डोळ्यांना खोटं पाडलं."

ते बाळ वाचलं, हे मी इथेच सांगून टाकते. पुढे ते मंडईत वडिलांच्या फळांच्या गाळ्यावर बसू लागलं, आणि मी पुण्यात आले की मला त्याच्याकडून संत्री घ्यावी लागतात, दुसरीकडे घेतली तर त्याला राग येतो. पण त्या दुपारी आम्हा तिघांना यातलं काही माहीत नव्हतं.

रिक्षात मी मध्ये बसले, अंगावर काकूंची शाल. आधी शनिवार पेठेत बागवानांच्या दाराशी थांबलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई गॅलरीतून खाली वाकून म्हणाली की सकाळीच मोठ्या हॉस्पिटलात उचलून नेलं बाळाला, ओठ निळे पडले होते. काका काकूंकडे पाहत राहिले. काकूंनी तेच वाक्य त्यांच्या समोर तोंड करून पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. असं वाक्य दोनदा सांगावं लागणं काय असतं, ते मी काकूंच्या चेहऱ्यावर पाहिलं.

मला फोटोसाठी त्याच हॉस्पिटलात न्यायचं होतं. पण काका खाली थांबले नाहीत, सरळ मुलांच्या वॉर्डाचा जिना चढू लागले, आणि आम्ही दोघी मागोमाग. लांबट खोली होती, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेशी कुणी ना कुणी. दाराजवळच्याच खाटेपाशी बागवान उभे होते. खाटेवर ऑक्सिजनची नळी आणि दुपट्यात एवढंसं काहीतरी. काकांना पाहून बागवानांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी पुढे होऊन काकांचे दोन्ही हात धरले.

"डॉक्टरसाहेब, आपण आलात. आता काळजी नाही. रात्रीच इथे आणणार होतो, ह्याची आई म्हणत होती. मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांनी छाती ऐकली आहे, स्वच्छ म्हणाले आहेत, मग कशाला घाबरायचं. म्हणून थांबलो."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. खरोखरच नव्हता. काका त्यांच्या ओठांकडे पाहत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी आपले हात सोडवून घेतले. कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप होता, तो काढून त्यांनी बाळाच्या पायाशी, खाटेवर ठेवला.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

ते फार मोठ्याने बोलले. किती मोठ्याने, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. सगळ्या वॉर्डातली बोलणी थांबली, एका खाटेवरचं मूल रडायचं थांबलं, परिचारिका हातातली बाटली तशीच धरून वळली. बागवान त्यांच्याकडे पाहत उभे होते. काकूंनी काकांच्या कोपराला हात लावला. त्या सगळ्या न हलणाऱ्या ओठांकडे काकांनी एकदा पाहिलं, आणि आपलं बोलणं पोचलं नाही असं वाटून त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने म्हटलं.